गेटबाहेरचं किलतान

आज भोगी. सकाळी साडेसातला पिशवी घेऊन खाली उतरले, तर गेटच्या डाव्या अंगाला किलतान (बसायला अंथरायचं गोणपाट) नव्हतं, भाजीच्या बुट्ट्या नव्हत्या, आमची कवलापूरची भाजीवाली मावशी नव्हती. वॉचमनला विचारलं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "बाई, कालपासून तिला बसू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

कुणी सांगितलंय? आमच्याच लोकांनी. सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस चर्चा चालली होती. मी वाचली नाही, ही चूक माझी. आज दुपारी बसून सगळी वाचली. "गेटची शोभा जाते." "घाण होते." "बाहेरची माणसं थांबतात." आणि त्याखाली सतरा अंगठे. त्यातले निम्मे लोक इथं माझ्या यादीत आहेत, त्यांनीही हे वाचावं.

तेरा वर्षं ती बाई तिथं बसते. घरचं वीस गुंठे रान, त्यात माळवं, म्हणजे भाजीपाला. पहाटे काढायचं, पोरगा गाडीवरनं सोडून जातो, दहापर्यंत बुट्ट्या रिकाम्या. भोगीच्या दिवशी तर ती सगळं एकत्रच आणायची: पावटा, घेवडा, हरभऱ्याचे डहाळे, काटेरी वांगी आणि गाजरं. कवलापूरच्या गाजराची गोडी सांगलीकरांना मी काय सांगायची! आज मी ती गाजरं दुकानातनं आणली. लांबलचक, सरळसोट, धुतलेली, आणि चवीला लाकूड. बाजरीची भाकरी झाली, राळ्याचा भात झाला, पण भोगीची भाजी जमली नाही.

आता 2019 चा ऑगस्ट आठवा. विसरला असाल तर मी आठवण करून देते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. गावभाग, मारुती रोड, गणपती पेठ, सगळं पाण्यात. विश्रामबागेत आपण कोरडे होतो, पण दूध नाही, पेट्रोल नाही, भाजी नाही. कोपऱ्यावर कोथिंबिरीची पेंडी 60 रुपयांना घेतलेली मला पक्की आठवते. आणि अशात एक दिवस सकाळी मावशी आली. पोराच्या गाडीवर मागं बसून, मांडीवर एक पोतं, पाठीला एक पोतं, दोघंही नखशिखांत भिजलेली. मेथी, दोडका, भेंडी. मी घाबरतच दर विचारला. म्हणाली, "रोजचाच की." मी म्हटलं, "अहो मावशी, बाहेर काय दर चाललाय माहीत आहे ना?" तर म्हणते कशी, "पूर नदीला आलाय बाई, माझ्या रानाला न्हाई. दर कशापायी वाढवू?"

त्या दिवशी रांग लागली होती गेटवर. पिशव्या घेऊन पायजम्यावर उतरलेले कोण कोण होते ते मला चांगलं आठवतं. तेव्हा गेटची शोभा कुणाला आठवली नव्हती.

बरं, तिनं इथं नाही बसायचं तर कुठं विकायचं? सौद्याला, म्हणजे बाजार समितीतल्या घाऊक लिलावाला पाठवावं म्हणे. मागच्या महिन्यात मेथी एकदम निघाली, गेटवर खपेना, म्हणून तिनं 200 पेंड्या सौद्याला पाठवल्या. दुसऱ्या दिवशी कमरेच्या पिशवीतनं दलालाच्या हिशेबाची पट्टी काढून माझ्यापुढं धरली, "हे वाचा जरा." पातळ गुलाबी कागद, कार्बनची निळी अक्षरं, कोपऱ्याला मेथीचा हिरवा डाग. दर शेकडा 250. म्हणजे झाले 500. टेम्पोचं भाडं आणि हमाली जाऊन हातात 362. मेथी उपटायला लावलेल्या दोन बायकांची हजेरीच 400. मी दोनदा बेरीज करून बघितली, माझंच काही चुकतंय का म्हणून. चुकत नव्हतं. त्याच संध्याकाळी दुकानात मेथीची पेंडी 15 रुपयांना होती, प्लास्टिकात गुंडाळलेली, आतनं पिवळी पडलेली.

सगळे दलाल वाईट नसतात, मान्य. पोरीच्या लग्नाला उचल त्यांनीच दिली होती, हे मावशी स्वतःच सांगते. पण तिच्या मेथीचे अडीच रुपये आणि माझे पंधरा, यांच्या मधलं अंतर कुणीतरी खातंच ना? ते अंतर मिटवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे आपल्या गेटबाहेरचं ते किलतान. तिला दहा मिळतात, मला ताजी भाजी मिळते, मध्ये टेम्पो नाही, शीतगृह नाही, प्लास्टिक नाही. शाश्वत शहर, शाश्वत शेती म्हणून व्याख्यानं ऐकायला आपण जातो आणि टाळ्या वाजवून घरी येतो. त्या व्याख्यानात जे सांगतात ते मावशी रोज सकाळी साडेसातला करत होती!

2016 साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं मोकळा केला. शेतकऱ्यानं कुठंही विकावं, आणि सौद्याला गेला तरी अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, त्याच्याकडनं न घेता खरेदीदाराकडनं घ्यावी. चांगलं केलं. संत सावता माळ्यांच्या नावानं शेतकरी आठवडी बाजाराची योजनाही आली. म्हणजे कागदावर मावशीला अख्खा महाराष्ट्र मोकळा आहे, आणि बसायला चार फूट जागा मिळत नाही.

दुपारी कमिटीतल्या एका काकांना फोन केला. ते म्हणाले, "रस्त्यावर बसणं बेकायदेशीर आहे, ऐकलं नाही तर अतिक्रमणची गाडी बोलवू." काका, आपण शिकलेली माणसं, निदान कायदा वाचून तरी बोलूया. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे या देशात. सर्वेक्षण करून विक्रेत्यांना प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, असं त्यात आहे. शहराच्या विक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्याच, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. माल जप्त केला आणि तो नाशिवंत असला, तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा. त्याच दिवशी! कायदा करणाऱ्यालाही कळलं होतं की मेथी उद्यापर्यंत थांबत नाही. आपल्याला कळू नये?

पाला पडतो, खरं आहे. दोन-तीनदा माझीच स्कूटी काढायला अडचण झाली, तेही खरं. पण त्यावर उपाय म्हणजे बाईला दोन फूट सरकून बसायला सांगणं. हाकलणं नव्हे.

आणि घाणीचं म्हणाल तर... हे लिहिताना राग थोडा उतरला आणि एक गोष्ट आठवली. मटाराच्या दिवसांत मावशी आम्हा सगळ्यांना सांगायची, टरफलं टाकू नका, फ्लॉवरचा पाला टाकू नका. दुसऱ्या दिवशी पोतं भरून ती सगळं घेऊन जायची, तिच्या म्हशीला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी तर डब्यात साठवून ठेवायच्या तिच्यासाठी. त्या गेल्या तेव्हा मावशी दहाव्याला आली होती, पदराआडनं पावट्याची पिशवी घेऊन. "आजींना आवडायचा," एवढंच म्हणाली. काल तिला उठवताना यातलं कुणालाच काही आठवलं नाही का? वॉचमन सांगत होता, ती भांडली नाही. बुट्टीवर फडकं टाकलं, किलतान झटकलं, घडी घातली आणि पोराला फोन केला. वांगी तशीच भरलेली होती.

संध्याकाळी मी तिला फोन लावला. मला वाटलं चिडली असेल. म्हणाली, "तुमच्या दारात म्या कशाला भांडू?" मला पुढं बोलवेना.

मग मी ठरवलं. तळमजल्यावरची एक पार्किंगची जागा माझ्या नावावर आहे, तिचा मेंटेनन्स मी भरते. उद्यापासून माझी स्कूटी बाहेर रस्त्यावर, आणि त्या जागेत मावशीचं किलतान. कुणाला हरकत घ्यायची असेल तर माझ्या दारात येऊन घ्यावी, ग्रुपवर नको. सतरा अंगठ्यांतल्या कुणी भाजी न्यायला आलं तर तिनं द्यावी, मी अडवणार नाही. मी काय, तीही अडवणार नाही. पुरात कुठं अडवलं होतं तिनं कुणाला?

तिला हे सांगितलं तर आधी नको नको म्हणाली. मग म्हणाली, "उद्या सण हाय, किंकरातीला येते. पावटा ऱ्हायलाय अजून, गाजरं बी हाईत. पर सगळ्यास्नी पिशव्या आणायला सांगा बाई, म्या कॅरीबॅग ठेवत न्हाई."