सुयांचा हिशेब कोणी ठेवायचा?

ॲक्युपंक्चरवर मराठीत वाद रंगला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, ‘गुण आला तर आला, अपाय तर काही नाही ना!’ आणि दुसरं, ‘सगळा मनाचा खेळ आहे, विषय संपला.’ मी जर्मनीत राहते. इथे सार्वजनिक आरोग्य विम्याने हजारो रुग्णांना सामील करून या प्रश्नाचा छडा लावायचा प्रयत्न केला. त्यातून जे हाती आलं, ते या दोन्ही वाक्यांत बसत नाही.

या शतकाच्या सुरुवातीला इथे डॉक्टरांकडे सुया टोचून घेणाऱ्यांची रीघ होती, पुरावा मात्र तोकडा होता. तेव्हा ठरलं की विम्याने पैसे द्यायचे तर संशोधनाच्या चौकटीतच द्यायचे. ‘गेराक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचण्या त्यातून उभ्या राहिल्या. कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रुग्ण होते. एका गटाला चिनी परंपरेतल्या बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी आणि वरवर, म्हणजे दिखाऊ, तर तिसऱ्याला औषधं, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना गुण आला होता, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या अवघ्या २७.४ टक्के. गुडघ्याच्या झिजेवरच्या चाचणीत हेच आकडे साधारण ५३, ५१ आणि २९ असे आले.

सुई नेमकी कुठे आणि किती खोल टोचली याने इथे फारसा फरक पडला नाही. शरीरातल्या ऊर्जामार्गांचा जो नकाशा आपल्याकडच्या वर्गांत छातीठोकपणे शिकवला जातो, त्याला या निकालांनी आधार दिला नाही. पण सुया टोचून घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं, हेही नाकारता येत नाही. त्यातही एक मेख आहे. हे रुग्ण सरासरी आठ वर्षं कंबरदुखी काढत होते. सगळे उपाय करून थकलेल्या माणसाच्या वाट्याला पुन्हा तेच उपाय आले की तो खट्टू होणारच, आणि तिसऱ्या गटाचा आकडा त्यानेही खाली गेला असू शकतो. पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. दीर्घकाळच्या दुखण्यांत खऱ्या आणि दिखाऊ सुयांमध्ये फरक सापडला, पण लहान. सुया आणि ‘सुया नाहीत’ यांच्यातला फरक त्याहून बराच मोठा निघाला.

मला खरं मोलाचं वाटतं ते यापुढचं. जर्मनीतल्या संयुक्त केंद्रीय समितीने २००६ मध्ये निर्णय दिला की जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज यांसाठी विमा पैसे देईल, अर्धशिशीसाठी देणार नाही. अर्धशिशीच्या चाचणीत खऱ्या सुया, दिखाऊ सुया आणि रोजच्या गोळ्या यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशी टाळण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करावा असं सांगितलं आणि २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी मात्र ते देऊ नये असं ठरवलं. म्हणजे दोन प्रगत देश, हाताशी बराचसा सारखाच पुरावा, आणि निकाल अगदी उलट! याचं कारण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत आहे. कंबरदुखीच्या बाबतीत जर्मन समितीने पाहिलं की रुग्णाला सध्या जे मिळतं त्यापेक्षा हे बरं आहे का. ब्रिटिश समितीने पाहिलं की दिखाऊ सुईपेक्षा खरी सुई सरस आहे का.

मला विचाराल तर कंबर आणि गुडघा यांबाबत जर्मन निर्णय योग्य होता. वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन पोट बिघडवून घेणाऱ्याला सुयांमुळे त्या गोळ्या काही महिने कमी घ्याव्या लागल्या, तर ती खरी मदत आहे. मात्र त्या आधारावर दमा, मधुमेह, वंध्यत्व, लकवा अशी यादी वाढवत नेणाऱ्यांना या चाचण्यांचा दाखला देण्याचा काडीचाही अधिकार नाही. आपल्याकडच्या जाहिरातींत नेमकं तेच होतं, आणि तिथे मी विज्ञानवाद्यांच्या बाजूने ठाम उभी आहे.

आता ‘अपाय तर काही नाही ना’ याबद्दल. जर्मनीतल्या एका मोठ्या पाहणीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांतल्या ८.६ टक्के लोकांना किमान एक तरी त्रास झाला, बहुतेकदा थोडं रक्त येणं, रक्त साकळणं किंवा दुखणं. २.२ टक्के लोकांना त्या त्रासासाठी उपचार घ्यावे लागले. फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरण्याचे प्रकार दोन घडले. एवढ्या लोकांत दोन म्हणजे फारच कमी, हे मान्य. पण ते मोजले म्हणून कळले. शिवाय इथे सुया टोचणारे सगळे एमबीबीएसच्या तोडीचे, वर ॲक्युपंक्चरचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर होते. कुणाच्याही हातातली सुई सुरक्षित आहे, असं हे आकडे सांगत नाहीत. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत फुप्फुसाच्या दुखापतींचे, अस्वच्छ सुयांमुळे झालेल्या कावीळ-बी आणि इतर जंतुसंसर्गांचे अहवाल आहेत, त्यांत मृत्यूही आहेत. इथे गुडघ्यावर उपचार घेण्याआधी माझ्या डॉक्टरबाईंनी संमतीपत्र समोर ठेवलं, धोके एकेक करून वाचून दाखवले आणि मी रक्त पातळ करणारी औषधं घेते का, हे दोनदा विचारलं. त्या पाच मिनिटांनी माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

मोक्साची गोष्ट आणखी वेगळी. दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापसासारखा भुगा करून तो त्वचेजवळ किंवा त्वचेवर जाळतात. सुयांबरोबर त्याचं नाव जोडीने घेतलं जातं, पण पुराव्यात तो जोडीचा नाही. दिखाऊ सुई तरी बनवता येते, दिखाऊ ऊब आणि दिखाऊ धूर कसा बनवणार? बाळ पायाळू असताना आईच्या पायाच्या करंगळीपाशी मोक्सा दिल्याने ते फिरतं का, यावर १९९८ मध्ये चीनमधली चाचणी प्रसिद्ध झाली. २६० गर्भवती होत्या. मोक्सा घेतलेल्यांपैकी ७५.४ टक्के बाळं ३५व्या आठवड्यापर्यंत डोक्यावर आली, न घेतलेल्यांत ४७.७ टक्के. जगभर उत्साह पसरला. त्याच प्रमुख संशोधकाने इटलीत तोच प्रयोग केला, तेव्हा आकडे ३४ आणि ३६ टक्के आले, आणि चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. अनेक बायकांना तो वास सहन होईना, मळमळायला लागलं, काहींनी उपचार नीट पूर्ण केलेच नाहीत. भाजण्याची आणि धुराची भीती यात आहेच. जर्मन विमा फक्त सुयांचे पैसे देतो, मोक्साचे देत नाही, ते मला पटतं. उपचारकर्त्यांनी गर्भवतीला मोक्सा सुचवताना पहिल्या चाचणीबरोबर दुसरीही सांगावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

महाराष्ट्राचं या विषयाशी जुनं नातं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकाबरोबर १९३८ मध्ये चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा तिथे गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परतून त्यांनी ते कोलकात्यात रुजवलं. २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने तर स्वतंत्र कायदा करून उपचारकर्त्यांची नोंदणी करणारी परिषदही नेमली. वादाचा सगळा जोर मात्र या मान्यतेवरच खर्ची पडतो, ती द्यायला हवी होती की नको यावर.

मला वाटतं ती वेळ गेली. परिषद आहे, नोंदणी आहे, तर आता त्या नोंदणीला एक अट जोडता येईल. प्रत्येक नोंदणीकृत उपचारकर्त्याने झालेला प्रत्येक गंभीर अपाय कळवायचा, आणि रुग्णालाही थेट कळवता आलं पाहिजे. ती मोजदाद ज्यांचा या उपचारांवर चरितार्थ नाही अशांच्या हाती हवी. कारण स्वतःच स्वतःला तपासलं की काय होतं, हेही नोंदलेलं आहे: १९९८ मधल्या एका आढाव्यात चीनमधून प्रसिद्ध झालेली ॲक्युपंक्चरची एकूण एक चाचणी यशस्वी ठरलेली आढळली. अपायांचा आकडा दरवर्षी मराठीत जाहीर व्हावा. मोक्साने भाजल्याच्या घटना त्यात वेगळ्या दाखवाव्यात, सुयांच्या आकड्यांत मिसळू नयेत. आणि संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत, सुई टोचण्याआधी, वाचून दाखवलेलं असावं.