गॉयकोचेआला नशीबवान म्हणण्याआधी

१९९० च्या फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की अर्जेंटिनाचा गोलकीपर सर्जिओ गॉयकोचेआ याला कोणीतरी हमखास 'नशीबवान' म्हणते. मला हे विशेषण अर्धवट वाटते, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगावेसे वाटते.

आघाडीचा खेळाडू दमला की त्याच्या जागी दुसरा येतो. राखीव गोलकीपरच्या वाट्याला मात्र मैदान येते ते बहुधा पहिला जायबंदी झाल्यावरच. १३ जूनला नेपल्समध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध, १९८६ चा विश्वविजेता गोलकीपर नेरी पुम्पिदो याचा पाय स्वतःच्याच सहकाऱ्याशी टक्कर होऊन मोडला आणि अकराव्या मिनिटाला गॉयकोचेआ आत आला. रिव्हर प्लेट क्लबमध्येही तो याच पुम्पिदोच्या मागे वर्षानुवर्षे बसलेला होता. पुढे तो कोलंबियात खेळायला गेला, तर तिथे १९८९ मध्ये एका पंचाची हत्या झाल्यामुळे लीगचा तो हंगामच रद्द झाला. म्हणजे विश्वचषकात उतरला तेव्हा त्याच्याजवळ सामन्यांचा ताजा सराव नव्हता. या साऱ्याला नशीब म्हणायचे असेल, तर ते बरेच आडमुठे नशीब म्हणावे लागेल.

उपान्त्यपूर्व फेरीत, फ्लॉरेन्समध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध शूटआउट झाले, म्हणजे बरोबरीत सुटलेल्या सामन्याचा निकाल दोन्ही संघांनी आळीपाळीने मारलेल्या पेनल्टींवर लागला. मॅराडोनाची पेनल्टी अडवली गेली, त्रोलिओची खांबाला लागली आणि २-२ अशी बरोबरी झाली. तिथून ब्र्नोविच आणि हाजीबेगिच या दोघांचेही फटके गॉयकोचेआने अडवले. (शूटआउटपूर्वी त्याने मैदानावरच लघुशंका उरकली होती आणि जिंकल्यावर तोच शकुन मानून पुढच्या वेळीही तसेच केले, हे त्यानेच सांगितलेले आहे.) तीन दिवसांनी नेपल्समध्ये, यजमान इटलीविरुद्धच्या उपान्त्य सामन्याच्या शूटआउटमध्ये, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, त्याने दोनादोनी आणि सेरेना यांना रोखले. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. एखादा फटका चुकून हाताला लागू शकतो; पण दोन शूटआउटमध्ये चार फटके अडवणाऱ्याला केवळ योगायोगाच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही.

रोमच्या अंतिम सामन्यात ८५ व्या मिनिटाला ब्रेमेच्या पेनल्टीवर त्याने योग्य दिशेलाच झेप घेतली, पण चेंडू खांबालगत आत गेला. पश्चिम जर्मनी १-० ने जिंकली. तरीही मायदेशी तो नायकच ठरला, आणि १९९३ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेमध्ये ब्राझील व कोलंबिया यांच्याविरुद्धची शूटआउट अर्जेंटिनाने जिंकली तेव्हाही गोलमध्ये तोच होता.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा माणूस मात्र अर्जेंटिनाचाच आणखी एक गोलकीपर, लुईस इस्लास. पुम्पिदोच्या मागे बसणे नको म्हणून त्याने १९९० च्या संघावर पाणी सोडले आणि ती रिकामी खुर्ची गॉयकोचेआला मिळाली. १९९४ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाचा पहिला गोलकीपर इस्लास होता, आणि बाकावर गॉयकोचेआ.