‘खानदेशात शिस्त नाही’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा,

पहिल्या ट्रायथलॉनसाठी, म्हणजे एकापाठोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं अशा स्पर्धेसाठी, सरावाचा विकतचा प्लॅन घ्यावा की स्वतःची वही करावी, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी नाईट शिफ्ट करून आल्यावर सकाळी वाचली. झोप उडाली. तिथल्या तिथे चार ओळी खरडणार होतो, पण रागात काहीतरी भलतंच लिहिलं गेलं असतं. म्हणून दोन दिवस थांबलो आणि आता सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. हौशी माणसाने इतरांना प्लॅन शिकवू नये. पहिल्या वेळी जाणकार प्रशिक्षकाने आखलेला 16 आठवड्यांचा प्लॅन घ्यावा आणि डोळे झाकून पाळावा. माझ्या वहीत विश्रांतीचा आठवडा नाही, ब्रिक (सायकलवरून उतरून लगेच पळण्याचा सराव) कमी आहेत, धरणात पोहताना काय काळजी घ्यायची ते नाही, पोहण्याच्या फेऱ्यांचा हिशेबही चुकलाय. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य : ‘खानदेशात शिस्तीची सवय नाही हे समजू शकतो मित्रा, पण हा खेळ शिस्तीवरच चालतो.’

फेऱ्यांचं तुमचं बरोबर आहे. मी ‘1500 मीटर म्हणजे 30 फेऱ्या’ असं लिहिलं होतं. 25 मीटरच्या टँकमध्ये जाऊन-येऊन एक फेरी धरली तर 30 होतात. पण बरेच जण समोरची भिंत गाठली की एक मोजतात. असा माणूस 30 वर थांबला तर त्याचे 750 मीटरच होतील, आणि स्पर्धेच्या दिवशी अर्ध्या पाण्यात त्याला हे कळेल. चूक माझी आहे. ती ओळ मी दुरुस्त केली. आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. तुम्ही ते सहज लिहून टाकलं असेल, पण मला ते जिव्हारी लागलं. का लागलं ते सांगतो.

मी रावेर तालुक्यातला, तापीकाठच्या गावातला. घरी केळी. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची. रात्रीच्या आठवड्यात वडील 1 वाजता उठून मोटार चालू करायला जायचे आणि आठवी-नववीतला मी बॅटरी धरून त्यांच्या मागे. माझं काम एकच, शेवटच्या ओळीच्या टोकाला उभं राहायचं आणि तिथल्या झाडाच्या आळ्यात पाणी आलं की आवाज द्यायचा. डिसेंबरची थंडी, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि अंधारात पाणी दिसायच्या आधी ऐकू यायचं. कोरडी माती पाणी पिताना बारीक चरचरते. तो आवाज आला की मी ‘आलं’ म्हणून ओरडायचो, मग वडील दुसऱ्या बाजूला पाणी वळवायचे. सकाळी सात वाजता शाळा. लागवडीपासून घड कापेपर्यंत हे अकरा-बारा महिने चालतं. त्यात सुट्टी नाही, ‘आज कंटाळा आला’ नाही. मे महिन्यात उष्ण वारा सुटलेला असताना चार दिवस पाणी चुकलं की पानं करपतात, घड पोसत नाही आणि वर्ष हातचं जातं. अशा हजारो घरांच्या खानदेशाला तुम्ही शिस्त नाही म्हणालात.

पुढे ठिबक आलं. त्याबरोबर खतांचा छापील तक्ताही आला, कितव्या आठवड्यात युरिया किती, पोटॅश किती. वडिलांनी तो गोठ्याच्या दाराला खिळ्याने ठोकून ठेवला. तक्ता त्यांनी पाळलाही. पण झड लागली की ते मोटार बंद ठेवायचे, मग तक्त्यात काहीही लिहिलेलं असो. लू सुरू झाली की पाणी वाढवायचे. कडाक्याच्या थंडीत झाड वाढायचं थांबलं की खत पुढे ढकलायचे. शेजारच्या शेताची जमीन हलकी होती, त्यांचा तक्ता तोच, पण पाणी वेगळं. वडिलांना कोणी बेशिस्त म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी लेखात जी वही सांगितली ती याच माणसाकडून शिकलेली आहे. ती गूगलवर बघून केलेली नाही.

तुम्ही असंही धरून चाललात की मी तयार प्लॅन कधी पाहिलाच नाही. पाहिला आहे, पैसे भरून घेतला आहे. नाव सांगत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही. ऑलिम्पिक अंतराचा होता, म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 पळणं. मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू केला. मी जळगावच्या एमआयडीसीत मशीनवर काम करतो. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. प्लॅनमध्ये मात्र मंगळवारी इंटरव्हल (थांबून-थांबून जोरात पळणं), गुरुवारी टेम्पो (ठरावीक वेगाने सलग पळणं), रविवारी लांब सायकल, दर आठवड्याला तेच. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की शिफ्टचं काय करू. उत्तर आलं, ‘वेळ काढावा लागतो.’

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. फर्स्ट शिफ्ट होती, सकाळी सात ते तीन. पहाटे पळणं शक्य नव्हतं, कारण सहाला बस. म्हणून संध्याकाळी पाच वाजता नशिराबादच्या रस्त्याला लागलो. मोबाईल 43 अंश दाखवत होता. 45 मिनिटं सलग, किलोमीटरला 6 मिनिटांच्या वेगाने, असं तक्त्यात लिहिलेलं. पंचविसाव्या मिनिटाला घड्याळात हृदयाचे ठोके 180च्या पुढे गेले होते, तरी मी वेग सोडला नाही, कारण तक्ता. मग अंगावर काटा आला. भर उन्हात थंडी वाजायला लागली. समोरचा ट्रक दोन दिसायला लागला. कडुनिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, ‘काबरं पळतो रे भो एवढ्या उन्हात?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी हाताला धरून सावलीत बसवलं, कळशीतल्या पाण्यात स्वतःचा रुमाल बुडवून माझ्या डोक्यावर ठेवला आणि मानेवर पाणी ओतत राहिले. तो रुमाल, त्याला आलेला बिडीचा वास, आजही आठवतो.

असं का होतं ते लेखात लिहिलं होतं, तुमच्यासाठी पुन्हा लिहितो. उन्हात हृदयाला दोन कामं करावी लागतात, पायांच्या स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंग थंड करण्यासाठी कातडीकडेही रक्त पाठवायचं. घामाने शरीरातलं पाणी कमी होत जातं, तसा त्याच वेगाला ठोका वाढत जातो. थंड हवेत 6 मिनिटांचा वेग सोपा असेल, आमच्या मेमध्ये तोच वेग कडेलोट आहे. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला साधारण 10 ते 14 दिवस लागतात आणि ते हळूहळू करावं लागतं. माझ्या विकतच्या प्लॅनमध्ये तापमानाचा रकानाच नव्हता.

त्या रात्री प्लॅनच्या ॲपमध्ये गुरुवारचा चौकोन लाल झाला, म्हणजे सराव अपुरा. दोन दिवसांनी प्रशिक्षकांचा मेसेज आला. मी काय झालं ते कळवलं होतं, तरी मेसेजमध्ये एवढंच होतं, ‘शिस्त ठेवली तर रिझल्ट मिळतील.’ दादा, तुमच्या वाक्यात तोच शब्द आहे. म्हणून झोप उडाली.

त्यानंतर मी वही घातली. माझा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, शिफ्टबरोबर सुरू होतो, आणि पूर्ण चक्र 21 दिवसांचं आहे. सेकंड असली की सकाळ मोकळी, मग टँक आणि भुसावळला जाऊन-येऊन 50 किलोमीटरची सायकल. फर्स्टला संध्याकाळी थोडंसं पोहणं, आणि पळणं सूर्य बुडाल्यावर. उन्हाळ्यात वेग बघायचा नाही, ठोका बघायचा. आठवड्याचं एकूण अंतर एकदम वाढवायचं नाही, दहावा हिस्सा वाढला तरी पुष्कळ झालं. विश्रांतीचा आठवडा नाही म्हणता, तर नाईटचा आठवडा हाच माझा हलका आठवडा, त्यात फक्त सावकाश पोहणं. बाकीच्या आठवड्यांत ब्रिक एकेक लिहिलं आहे. सायकलवरून उतरून बूट बदलायचे आणि लगेच 15 मिनिटं पळायचं. पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, ते वाटणं ओळखीचं व्हावं एवढ्यासाठी. पहिल्या ट्रायथलॉनला तेवढं पुरतं. पिरियडायझेशनवर, म्हणजे सरावाचे टप्पे पाडण्यावर, तुम्ही परिच्छेद लिहिलात. ती पद्धत मांडणारे सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मॅतवेयेव्ह यांचं नाव मलाही माहीत आहे. आधी पाया, मग भार वाढवणं, शेवटी स्पर्धेपूर्वी भार उतरवणं, हे सगळं वहीतही आहे. त्यावर वाद नाही.

धरणाबद्दल. वाघूर धरणावर पोहण्याबद्दल मी आधी एक पूर्ण लेख लिहिला आहे : एकट्याने उतरायचं नाही, कमरेला केशरी फ्लोट (तरंगणारा फुगा) बांधायचा, काठावर पोहणारा माणूस उभा पाहिजे, मासेमारीची जाळी असतात त्या बाजूला जायचं नाही. त्याचा दुवा लेखात होता. तुम्ही तो उघडला नाही, आणि मी विहिरीत पोहायला शिकलो एवढं वाचून निष्कर्ष काढलात. हो, विहिरीत शिकलो. पाठीला रिकामा डबा बांधून काकांनी वरून ढकललं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

‘हौशी’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही तो तीनदा वापरलात. 1978च्या फेब्रुवारीत हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे खूप लांब अंतराची ट्रायथलॉन, झाली. 15 जण उतरले, 12 जणांनी पूर्ण केली. पहिला आला गॉर्डन हॅलर, 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत. तो टॅक्सी चालवायचा. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचं पाणी वाटेत संपलं, तर त्यांनी त्याला बिअर पाजली. हा खेळच अशा लोकांनी उभा केला आहे. माझी पहिली ट्रायथलॉन मी त्या वहीवर 3 तास 38 मिनिटांत पूर्ण केली, आणि शेवटच्या 10 किलोमीटरमध्ये एकदाही चाललो नाही. तुमच्या लेखी ही वेळ कदाचित काहीच नसेल. माझ्यासाठी ती पुष्कळ आहे.

तयार प्लॅन कोणालाच उपयोगी नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ज्याची नोकरी दहा ते सहा आहे, जवळ टँक आहे, गावाची हवा बरी आहे आणि प्लॅन देणारा फोन उचलतो, त्याने जरूर घ्यावा. पण ‘डोळे झाकून पाळा’ हे वाक्य मी कुठल्याही नवख्याला सांगणार नाही. मे महिन्यात भुसावळच्या रस्त्यावर, दुपारी नाही, संध्याकाळी पाचला, 45 मिनिटं टेम्पो पळून या आणि मग मला सांगा. तुमच्या नावाखाली तुमच्या प्रशिक्षणवर्गाची माहिती होती, तीही मी पाहिली. त्याबद्दल इथे काही बोलत नाही. आणि ‘मित्रा’ म्हणायला आपली ओळख नाही.

तुमच्या प्रतिक्रियेखाली अमळनेरच्या एका ताईंनी प्रश्न टाकला आहे, तो तुम्ही वाचला का? त्या दवाखान्यात नोकरी करतात, ड्युट्या बदलत्या आहेत, स्प्रिंटची, म्हणजे छोट्या ट्रायथलॉनची, नोंदणी केली आहे. त्यांनी विचारलंय, ‘मग मी नाव काढून घेऊ का?’ मला हे पान लिहायला बसवलं ते या प्रश्नाने.

ताई, नाव काढू नका. स्प्रिंट म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर पळणं. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर पुढच्या महिन्याच्या ड्युट्या लिहा, जशा लागल्या आहेत तशा. दुसऱ्या रकान्यात त्या त्या दिवशी किती तास झोप मिळणार ते लिहा, खरं लिहा. ज्या दिवशी सहा तासांपेक्षा कमी दिसेल तिथे काट मारा, त्या दिवशी काही करायचं नाही. उरलेल्या दिवसांत आधी पोहणं बसवा, कारण टँकच्या वेळा आपल्या हातात नसतात. मग सायकल, मग पळणं. आणि 25 मीटरच्या टँकमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत एक असं मोजलं तर 750 मीटरला 30 होतात. पानाचा फोटो मला पाठवा, रविवारी आपण दोघं मिळून बघू.