मुलाखती आधी, प्रश्नावली नंतर

आकडे आणि मुलाखती यांची सांगड घालूनच आरोग्य धोरण ठरावं, असं सांगणारा लेख वाचला आणि तो मुद्दा पूर्ण पटला. फक्त लेखात आधी प्रश्नावली आणि शेवटी मुलाखती असा क्रम दिला आहे, माझ्या मते मुलाखती पहिल्या हव्यात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पाचव्या फेरीत (२०१९-२१) ५७ टक्के. लोहाच्या गोळ्या तर वर्षानुवर्षं फुकट वाटल्या जाताहेत. मग अडतंय कुठे? मी पुण्यात वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाचं काम करते. ‘गोळ्या मिळाल्या का?’ याला बायका ‘हो’ म्हणतात आणि रकाना भरतो. निवांत बसून बोललं की मग कळतं: मळमळत होतं, शौचाला काळं झालं म्हणून घाबरून बंद केल्या, कुणाला सासूबाईंनी सांगितलं की बाळ काळं होईल. अशा घरी आणखी गोळ्या पाठवून काय होणार? शिवाय धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळी घरी नसतातच. संध्याकाळी गेलं नाही तर त्यांचं म्हणणं अहवालात येत नाही.

लोकांमध्ये जाऊन केलेलं काम धोरणात यायला किती वेळ लागतो, तेही पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, देशभर आशांमार्फत (घरोघरी जाणाऱ्या आरोग्य सेविकांमार्फत) ते काम २०११ मध्ये सुरू झालं. फार उशीर हा.

पुणे महापालिकेने पुढची प्रश्नावली छापण्याआधी निदान आशाताईंना तरी दाखवावी, ही कळकळीची विनंती.