अठरावा घोडा

आमचं दुकान अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर, नागावच्या जरा पुढे. पाटीवर 'कृषी व पशुखाद्य भांडार' असं लिहिलंय, पण पावसाळ्यात आम्ही छत्र्या, ताडपत्र्या नि गमबूट विकतो, मे महिन्यात कोकम आगळ, दिवाळीला रांगोळी. गिऱ्हाईक मागेल ते नसलं तरी दुसरं काहीतरी आमच्याकडे नक्की मिळतं. गाईंचं खाद्य आहे, कोंबड्यांचं आहे. घोड्यांचं नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा, बाराच्या सुमाराला मी गल्ल्यावर पेंगत असताना एक तरुण मोटारसायकलवरून उतरला. पाठीला सॅक, शर्ट खोचलेला, म्हणजे इथला नव्हे.

"काका, इकडे घोडे आहेत ना?"

"सरळ जा, सुरूचं बन लागेल. भाव आधी ठरवून मग बसा."

"मला बसायचं नाही, काका. मला त्यांना खायला घालायचंय."

असा धर्मात्मा मी पूर्वी पाहिला नव्हता, म्हणून आत बोलावलं. तो घोड्याचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस निघाला. किनारपट्टीवर विक्रेते नेमायला आला होता. डिपॉझिट २५ हजार, पहिला माल २ टन, म्हणजे २५ किलोची ८० पोती. पोत्यामागे ८० रुपये सुटणार. शिवाय दोन टी-शर्ट, एक टोपी आणि दुकानावर लावायला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर माझं नाव आणि त्याखाली 'अधिकृत विक्रेते'.

इथे मी घसरलो. वडिलांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं, पुढची तेवीस मी चालवतोय, पण आम्हाला अजून कुणी अधिकृत म्हटलेलं नाही. गावात अधिकृत असा एक सातबारा, आणि त्यावरही सहा चुलत्यांची नावं.

मग त्यानं मला घोडा समजावून सांगितला. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं. म्हणून तो एका बैठकीत पोटभर खात नाही. थोडं थोडं, पण दिवसाचे चौदा-सोळा तास खातो. मी म्हटलं, असे पाहुणे आमच्याकडे मे महिन्यात मुंबईहून येतात. तो हसला नाही. घोड्याला पित्ताशय नसतं, तो म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा घोड्याचा हेवा वाटला. आणि घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलं ते पुढेच सरकायला हवं, अडलं की पोटशूळ, आणि पोटशुळात घोडा दगावतो. हे ऐकून मात्र मी सावरून बसलो. गाव लहान आहे. घोडा दगावला तर कशानं दगावला याचा तपास डॉक्टरच्या आधी माझ्या दुकानात येणार.

तोवर जेवणाची वेळ झाली. आमच्याकडे एक वाजता दारात असलेल्या माणसाला 'जेवून जा' म्हणावं लागतं, आणि त्यानं दोनदा 'नको' म्हणायचं असतं. हा देशावरचा, पहिल्याच हाकेला हात धुवायला उठला. पिठी-भात होता, पोह्याचा पापड आणि कैरीचं लोणचं. त्यानं दोन वाट्या पिठी भातावर घेतली, तिसरी नुसतीच प्याला.

"काकू, कसली आहे ही?"

"कुळथाची."

त्यानं फोनवर कुळीथ शोधला. शोधला आणि गप्प झाला. मी डोकावून बघितलं. इंग्रजीत कुळथाला म्हणतात हॉर्स ग्राम. घोड्याचं कडधान्य.

पडवीतून आई म्हणाली, "म्हणजे घोड्याचंच ना? मग हा नवीन काय विकायला आलाय?"

त्यानं घाईघाईनं आपल्या पोत्यातल्या गोळ्यांत काय काय असतं ते वाचून दाखवलं. ओट्स, बार्ली, हरभरा, गव्हाचा कोंडा, लसूणघास, मळी. पहिलाच शब्द ऐकून बायको वाढता वाढता थांबली. सहा महिन्यांपूर्वी माझं कोलेस्टेरॉल बघून डॉक्टरांनी पोहे बंद केलेत आणि सकाळी ओट्स लावलेत. एरंडाचं पान चघळल्यासारखा चेहरा करून मी ते रोज खातो.

"सकाळी ओट्स, दुपारी कुळीथ," ती म्हणाली. "एक गिऱ्हाईक तर घरातच आहे. धरा हिशोबात."

तरी मी शिरगणतीला निघालो. डायरी काढली, स्कूटरला किक मारली आणि नागाव, अलिबाग असे किनारे पालथे घातले. पहिल्या घोडेवाल्यानं डायरी पाहिली आणि सांगितलं, "एकच हाय. तो पण मेव्हण्याचा." त्याच्या मागे सुरूच्या सावलीत सात घोडे शेपट्या हलवत उभे होते आणि मेव्हणा चहा पीत होता. चौकशी करणारा माणूस कर लावायला येतो किंवा घोडा का वाळला म्हणून विचारायला येतो, असा त्यांचा अनुभव. मग मी सांगितलं की कंपनी नमुन्याचं पोतं फुकट देणार आहे. "मग माझे चार लिवा, भावाचे तीन लिवा. एक घोडी गाभण हाय, तिचं दीडपट धरा."

असे सतरा भरले. बायकोचा एक धरला तर अठरा.

एका बागायतवाल्या बंगल्यात, जिथे मालक महिन्यातून एकदा मुंबईहून येतो आणि घोडे कायमचे राहतात, तिथला राखणदार फाटकही न उघडता म्हणाला, "आमचं खाणं वरून येतं." 'आमचं' हा शब्द त्यानं इतक्या सहज उच्चारला की मी घोड्यांबद्दल विचारलं होतं हे मलाच क्षणभर आठवेना.

रात्री हिशोब मांडला. सतरा घोडे, रोज दोन किलो, म्हणजे ३४ किलो. दोन टन माल दोन महिन्यांत फस्त. सुटले ६,४०० रुपये. कागदावर घोडा भरधाव सुटला होता. दुसऱ्या दिवशी अलिबागच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्या गाडीवाल्यानं त्याला लगाम घातला.

"शेठ, पर्यटक येतो शनिवार-रविवार. घोडा सातही दिवस खातो. मी काय करतो, शनिवारी चणे, कोंडा, मक्याचा भरडा, वर गुळाचा खडा. सोमवारपासून गवत आन् पेंढा. तुमच्या गोळीला सोमवार कळतो का?"

गोळीला सोमवार कळत नव्हता. आणि गाडीवाल्यांची खरी गोष्ट त्याच्याही पुढची. अलिबागला घोडागाडी कुलाबा किल्ल्यात जाते ती ओहोटीला, भरती आली की होडीवाल्यांचं राज्य. आता भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पर्यटक नाश्ता करून किनाऱ्यावर येतो त्याच वेळेला. मी खूश झालो, की चला, रविवारी अष्टमी आली की आपला माल उठला. म्हातारा म्हणाला, "अष्टमीला भांग असतो, शेठ. पानी हटतं कुठं नीट?" भांग म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही बेताची. पाणी लांबवर हटतं ते अमावास्या-पुनवेच्या उधाणाला. पण तेव्हा भर दुपारी भरती, आणि ओहोटी पहाटे नाहीतर दिवेलागणीला, म्हणजे पर्यटक झोपलेला असतो तेव्हा किंवा परतीच्या वाटेला लागतो तेव्हा.

कंपनीच्या टार्गेटच्या तक्त्यात तिथीचा रकाना नव्हता. मी त्या पोराला फोन करून म्हटलं, "हे बघ, इथंच घोडं पेंड खातं."

"शेंगदाण्याची पेंड थोडी चालते, काका," तो गंभीरपणे म्हणाला. "पण बुरशी नको. तिच्यात अफलाटॉक्सिन नावाचं विष होतं."

बुरशी! जूनपासून आमच्याकडे मीठ पाघळतं, काडेपेटी पेटत नाही, आणि कपाटातला माझा लग्नाचा कोट दर श्रावणात हिरवा होतो. त्याच्या पोत्याची मुदत तीन महिने. एप्रिलमध्ये उतरवलेला माल जूनमध्ये बसला, तर त्याला माझ्या कोटाचीच कळा येणार. बुरशी लागलेलं खाणं घोड्याला अजिबात चालत नाही, हे त्यानंच मला शिकवलेलं. शिवाय आणखी एक भानगड. कोंबड्यांच्या खाद्यात काही वेळा मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते औषध आणि घोड्याला जहर, अगदी थोडंसुद्धा. म्हणजे दोन्ही पोती लांब ठेवायची, सुटं काढायचं फावडं वेगळं, तराजूचं पारडं वेगळं. आमच्या दुकानात लांब असं काही नाही. गल्ल्यावर बसून मी डाव्या हातानं गांडूळखत आणि उजव्या हातानं उदबत्ती काढून देतो.

सल्ला द्यायला गाव होतंच. मेहुणा म्हणाला घ्या, चुलतभाऊ म्हणाला घेऊ नका, आणि तालुक्याच्या बँकेत असलेला भाचा म्हणाला, कर्ज काढून घ्या. खरं शहाणपण एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं. नारळाला खत न्यायला ते रेवदंड्याहून येतात आणि खताच्या वजनाचा इतिहास देऊन जातात.

"आपल्या चौल बंदरात घोडा उतरवून पैसा करायचा बेत तुझ्या आधी एकानं केलाय. पंधराव्या शतकात. अफानासी निकितीन, रशियन व्यापारी. इराणकडच्या होर्मुझ बंदरातून एक घोडा जहाजात घालून चौलला उतरला."

"विकला?"

"इथे कुठला! जुन्नरला तिथल्या खानानं घोडा काढूनच घेतला. मिनतवाऱ्या करून परत मिळवला, आणि विकला कुठे, तर बिदरला. तोवर वर्षभर पोसत बसला बिचारा. हिंदुस्थानात घोड्याला हरभरे घालतात आणि साखरतुपाची खिचडी शिजवून देतात, असंही लिहून ठेवलंय त्यानं."

निकितीनचं स्मारक रेवदंड्यात आहे, मी शेकडो वेळा जवळून गेलोय. त्या दिवसानंतर गेलो तेव्हा स्कूटर हळू केली. एक घोडा गळ्यात पडला तर माणसाचं काय होतं हे त्याला ठाऊक होतं, माझ्या गळ्यात सतरा पडू घातले होते. आणि साखरतुपाची खिचडी! डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीय, तूप बंद केलंय. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा घोडासुद्धा माझ्यापेक्षा बरं जेवत होता.

नमुन्याचं पोतं मात्र आलं. ते मी त्या म्हाताऱ्या गाडीवाल्याच्या बादलवर प्रयोगाला घेतलं. (आमच्या किनाऱ्यावर घोड्याचं नाव राजा असतं नाहीतर बादल. त्यामुळे एकाला हाक मारली की निम्मे वळून बघतात.) नवं खाणं एकदम घालायचं नाही, सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं, अशी कंपनीची सूचना होती. पहिल्या दिवशी भिजवलेल्या चण्यांत मूठभर गोळ्या कालवल्या. बादलनं घमेल्यात तोंड घातलं, बराच वेळ ओठ हलवले आणि तोंड वर काढलं. चणे संपले होते. गोळ्या सगळ्या तळाशी, एकही न फुटलेली. आमची आई तांदूळ निवडते तेव्हा इतकी सफाई नसते.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गुळाचं पाणी शिंपडलं, तर त्यानं गूळ चाटून गोळ्या धुऊन ठेवल्या. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी किनाऱ्यावर जाऊन घोड्याच्या तोंडाकडे बघत बसू लागलो. येणारे-जाणारे विचारायचे, "काय शेठ, घेतला का घोडा?" सहाव्या दिवशी त्यानं निम्म्या खाल्ल्या. नवव्या दिवशी घमेलं स्वच्छ. दोन आठवड्यांनी तर माझ्या स्कूटरचा आवाज ऐकून तो गाडीसकट वळायला लागला. एकदा आत बसलेल्या डोंबिवलीच्या कुटुंबाला किल्ल्याऐवजी थेट माझ्याकडे घेऊन आला.

मग पोतं संपलं.

"शेठ, आता हा चण्याला तोंड लावत नाय," म्हातारा म्हणाला. "दुसरं पोतं कधी आनताय?"

"आणतो की. पैसे?"

"गणपतीनंतर."

गणपतीच्या आधी तीन महिने पाऊस. घोडा बांधलेला, किनारा मोकळा, गाडी झाकलेली. 'गणपतीनंतर' ही आमच्याकडची अधिकृत तारीख आहे. कुठले गणपती, एवढंच कुणी विचारायचं नसतं.

त्या पोराचा फोन दर सोमवारी यायचा. मी 'बघू' म्हणायचो. यात माझी काही लबाडी नव्हती. कोकणात 'बघू' म्हणजे नाही. इतकं स्वच्छ नाही दुसऱ्या कुठल्या शब्दानं सांगता येत नाही. पण देशावर 'बघू' म्हणजे उद्या, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मेच्या शेवटी टेम्पोवाल्यानं एक गुंडाळी आणून टाकली. उलगडली तर आठ बाय बाराचा फ्लेक्स. उधळलेला काळाभोर घोडा, आयाळ वाऱ्यावर, आणि खाली माझं नाव. अधिकृत विक्रेते.

मी पोराला फोन करून सरळ 'नाही' म्हटलं. त्याला वाईट वाटलं. फ्लेक्स परत पाठवतो म्हटलं, तर म्हणाला राहू दे काका, नाव छापलंय, दुसऱ्या कुणाला चालणार नाही. आणि काकूंना सांगा, पिठी छान होती.

म्हाताऱ्याला शेवटी मी चणे भावात लावून दिले. बादलनं चार दिवस माझ्याकडे बघितलं नाही, मग ओळख धरली.

पाऊस तोंडावर होता आणि ताडपत्र्या सगळ्या विकून बसलो होतो. बायकोनं तो फ्लेक्स रस्त्याकडेच्या पेंढ्याच्या उडवीवर घातला आणि चारी टोकांना चिरे ठेवले. छापील बाजू वर, कारण तिच्यावरून पाणी चांगलं ओघळतं. पेंढा छान कोरडा राहिलाय.

जूनच्या पहिल्याच रविवारी मुंबईची एक गाडी उडवीजवळ थांबली. काच खाली झाली. मी आत न्याहारीला बसलो होतो.

"आजी, घोडे इथेच मिळतात का? किती आहेत?"

"एकच आहे," आई पडवीतून म्हणाली. "आत ओट्स खातोय."