युनियनच्या ऑफिसातली माणसंही कामगारच आहेत

पिंपरी, भोसरी, चाकणच्या कामगारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: युनियनच्या ऑफिसात पगारावर असलेल्यांनी युनियनकडेच मागणीपत्र देणं ही गद्दारी आहे. युनियन ही चळवळ आहे, नोकरी नव्हे. ती मालक होऊच शकत नाही. त्यांचा पगार आपल्या वर्गणीतून जातो. आणि हे बाहेर आलं की मॅनेजमेंटच्या हाती आयतं कोलीत मिळतं. मी स्वतः सभासद आहे, वर्गणी भरतो. मला हे पटत नाही.

आधी ‘चळवळ’. पहिली पाळी सुटली की युनियनच्या ऑफिसात गर्दी होते. कुणाच्या हातात चार्जशीट असते आणि खुलासा द्यायची मुदत संपत आलेली असते. टायपिंग करणाऱ्या ताई आधी कागदावरची तारीख बघतात, मग माणसाला बसवून नेमकं काय घडलं ते विचारतात आणि खुलाशाचा पहिला मसुदा तयार करतात. कामगार न्यायालयाच्या तारखांची वहीही त्यांच्याकडेच. कमिटीवरचे लोक कंपनीत पगार घेतात आणि उरलेल्या वेळात युनियनचं काम करतात. त्यांना महागाई भत्ता कंपनीच्या करारातून मिळतो. ताईंना तो कुठून मिळायचा?

‘युनियन मालक नाही’ हे तर साफ चूक. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 1978 साली बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सांगितलं की कामगार कायदा लागू होणारा ‘उद्योग’ ठरवताना नफ्याचा हेतू बघायचा नाही. काम पद्धतशीर चालतं का आणि त्यात मालक-नोकर नातं आहे का, ते बघायचं. अमेरिकेत तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच कामगार संघटना आपल्या नोकरांपुरती मालक असते, असा निकाल दिला. आपल्या पुण्यात हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेने 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं. एवढा स्वयंपाक रोज करायचा तर माणसं कामावर ठेवावीच लागतात.

खरी अडचण पुढे आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून लागू होतो, पीएफचा वीसपासून. युनियनच्या ऑफिसात बहुतेक ठिकाणी चार-पाच माणसं. म्हणजे ज्या बाईने आपल्या शेकडो सभासदांच्या ग्रॅच्युइटीचे अर्ज भरून दिले, तिला स्वतःला ती कायद्याने मिळेलच असं नाही. तिच्यापुढे करार हा एकच रस्ता उरतो. हे वाचून कुणाला गद्दारी दिसत असेल तर मला खरंच वाईट वाटतं.

वर्गणीचा मुद्दा मात्र खरा आहे. पैसा आपलाच जातो. पण म्हणूनच करार लेखी हवा. हिशेबाच्या वह्या बघायचा हक्क सभासदाला 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानेच दिला. पगार अध्यक्षांच्या मर्जीवर असेल तर वही बघूनही काही कळत नाही. करार असेल तर श्रेणी किती, वाढ किती, सगळं सर्वसाधारण सभेपुढे येतं. शिवाय नवी कमिटी निवडून आली की ‘ही जुन्यांची माणसं’ म्हणून ऑफिसातल्यांना घरी बसवायचे प्रकार होतात आणि त्यांच्याबरोबर केसेसची सगळी माहितीही जाते. त्याचा फटका आपल्यालाच बसतो.

राहिली मॅनेजमेंट. जुलै 2024 मध्ये अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या शिक्षक संघटनेच्या, नॅशनल एज्युकेशन असोसिएशनच्या, कर्मचाऱ्यांनी फिलाडेल्फियातल्या वार्षिक अधिवेशनातच संप केला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी तिथलं आपलं भाषण रद्द केलं. जुना करार संपून गेला होता, नवा झाला नव्हता. माझ्या मते नामुष्की आली ती बोलणी वेळेत न मिटल्यामुळे. कंपनीत बोलणीला बसल्यावर समोरचा एचआरवाला विचारणारच की तुमच्या ऑफिसात काय देता. त्याला दाखवायला आपल्याकडे सही झालेला कागद असला पाहिजे.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी सर्वसाधारण सभेला यावं आणि मागणीपत्रातलं कोणतं कलम जास्तीचं वाटतं ते बोट ठेवून सांगावं. मी तिथे एवढंच मांडणार आहे: ग्रॅच्युइटी आणि काढून टाकण्याआधी रीतसर चौकशी, ही दोन कलमं आधी मंजूर करा. पगाराच्या आकड्यावर बोलणी चालू राहू द्या.