बुलेटच्या टायरबद्दल आमच्या दुकानाला ऑनलाइन रिव्ह्यूत दिलेल्या एका ताऱ्याला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्हाला गाडीसाठी थांबावं लागलं आणि मधे हेलपाटा पडला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. वेळेच्या बाबतीत इथून पुढे नक्की काळजी घेऊ.

तुम्ही लिहिलंय की दोन टायर बदलायला तीन आठवडे लावले, साडेतेरा हजार घेतले आणि जाड टायर मागितला असताना "सायकलसारखा बारीक टायर गळ्यात मारला". पहिल्या दोन गोष्टींवर कुणी नाराज झालं तर समजू शकतो. पण तिसरं वाक्य फार लागलं. ते वाचून नेहमीची गिऱ्हाइकंही विचारायला लागली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची गाडी 1978 ची बुलेट 350. तिला पुढे-मागे दोन्हीकडे 3.25-19 (म्हणजे सव्वातीन इंच रुंद, 19 इंची रिमचा) हाच टायर कंपनीतून येत होता, आम्हीही तोच बसवला. रिम 19 इंची, आतून 1.85 इंच रुंद, स्पोकसाठी 40 भोकांची. तुम्ही ऑनलाइन मागवून आणलेली रिम 18 इंची आणि 36 भोकांची. हबला (चाकाच्या मधल्या भागाला) 40 भोकं असताना 36 भोकांची रिम त्यावर कशी भरणार? चार भोकं मोकळी सोडून चाक होत नाही, स्पोकची जाळीच जुळत नाही. हे तुम्हाला काउंटरवर हब पुढ्यात ठेवून, भोकं मोजून दाखवलं होतं.

आता टायर. तुम्ही आणलेला 120/80-18 (120 मिलिमीटर रुंद, 18 इंची रिमचा) घेरात चालला असता, हे कबूल. त्याची एकूण उंची 3.25-19 च्या जवळपासच येते. अडचण रुंदीची आहे. एवढ्या टायरला अडीच-पावणेतीन इंचांच्या आसपासची रिम लागते आणि तुमची नवी रिमसुद्धा 1.85 चीच होती. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात, बाजू फुगतात आणि मधला पट्टा वर उचलला जातो. सरळ रस्त्यावर अंड्याच्या टोकासारखा मधला भागच टेकतो. म्हणजे दिसायला जाड आणि पकड मात्र कमी. वळणावर बाजूच्या भिंतींना रिमचा आधार राहत नाही, मागचं चाक पोहल्यासारखं वाटतं. सोबत तुम्ही 3.25 ची ट्यूब आणली होती. मोठ्या टायरात ती ताणून पातळ होते, आणि या रिमवर ट्यूबशिवाय टायर चालत नाही.

जागेचा प्रश्न वेगळाच. तुमच्या गाडीत 3.25 बसवल्यावर डाव्या बाजूला टायर आणि चेनकव्हर यांत जेमतेम बोट जातं. 120 चा टायर प्रत्येक बाजूला साधारण 15 मिलिमीटर जास्त बाहेर येतो. काही जण यावर उपाय म्हणून स्पोक ओढून रिम उजवीकडे सरकवतात. चेन घासत नाही, पण मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही आणि गाडी हात सोडला की एका बाजूला जाते. पुढे आलेल्या क्लासिक 350 ला 2021 च्या आधी मागे 110/90-18 होता, हे तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. पण तिचा चिमटा (मागचं चाक धरणारा सांगाडा), हब, मडगार्ड सगळंच वेगळं आहे. शिवाय तुम्ही आणलेल्या टायरवर 2317 असा आकडा होता, म्हणजे 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. त्याच्या बाजूला बारीक चिरा दिसत होत्या. असला टायर बसवून आम्ही बिल कसं करावं?

मागे थोडा भरीव टायर हवाच असेल तर 3.50-19 बसतो. तो 1.85 च्या रिमला चालतो, सहा-एक मिलिमीटर रुंद आहे, फक्त चेनकव्हरचं अंतर आधी बघावं लागतं. हा पर्याय तुम्हाला दिला होता, तुम्ही नको म्हणालात.

वेळ यात गेला की जुना टायर उतरवल्यावर दोन्ही रिम आतून निपलच्या (स्पोकच्या टोकाला बसणाऱ्या नटाच्या) भोकांपाशी गंजून पापुद्रे सुटलेल्या निघाल्या. वरून क्रोम चकचकीत होतं, पण पावसाचं पाणी आत साचतं आणि रिमपट्टी कुजते. 40 भोकांच्या चांगल्या रिम दुकानात तयार नसतात, मागवाव्या लागतात. मग 80 स्पोक, आतले-बाहेरचे वेगळे. खोलण्याआधी हबपासून रिमचं माप घेणं, भरणं, आऊट म्हणजे चाकाची डगमग काढणं, निपलबाहेर आलेली टोकं घासणं. दोन्ही चाकं मिलिमीटरच्या आत फिरतात, स्टँडवर फिरवून दाखवली आहेत. रिम, स्पोक, टायर, ट्यूब, पट्ट्या आणि मजुरी, सगळ्याचा अंदाज व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि तुमचं "करा" असं उत्तर आलं होतं.

सत्तरच्या पुढे हँडल हलतं असं लिहिलंय. नवे स्पोक पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये जागेवर बसून थोडे सैल होतात, ते एकदा पुन्हा आवळावे लागतात. हे बिलावर लिहिलेलं आहे, पैसे घेत नाही. त्याआधी हवा तपासा. पंपावर सरसकट 35 भरतात. तुमच्या गाडीला पुढे 20, मागे 28, डबलसीट असेल तर 30, तीही टायर थंड असताना.

हे दुकान आमचं पोट आहे. चाक सुटलं किंवा टायर फाटला तर माणूस जातो, म्हणून जिथे नाही म्हणायचं तिथे नाही म्हणतो, आणि त्यासाठी एक तारा मिळावा याचं वाईट वाटतं. यापुढे काम लांबलं तर आधी फोन करायचं ठरवलं आहे.

सोमवार सोडून कधीही सकाळी या, स्पोक आवळून देतो. तुमची 36 भोकांची रिम आणि तो टायर इथेच ठेवलाय. रिम ज्याने विकली त्याच्याकडे परत करता येते का बघा, अजून पॅकिंग काढलेलं नाही.